उजवा कान

उद्यमनगरात बावीस वर्षं
पॉवर प्रेस माझ्या उजव्या हाताला होता.
म्हणून उजवा कान गेला, डावा राहिला,
एवढा साधा हिशोब.
प्रेस भंगारात निघाला त्या आठवड्यात
इरगोंडानं आपली सायकल माझ्या दारात आणून लावली.
म्हणाला, पैसे नकोत, फक्त परत आणू नकोस.

घरात सांगितलं, दाजीपूर करून येतो, चार दिवस.
अक्काताईनं भाकरी बांधताना विचारलं, एसटीनं?
मी ऐकू न आल्यासारखं केलं.
बहिऱ्याला तेवढी एक सवलत असते.

राधानगरीपर्यंत दोन्हीकडं ऊस,
वारा उसातच जिरायचा.
खरा भेटला तो दुर्गमानवाडच्या सड्यावर,
दुपारी बारानंतर,
कोकणातून घाट चढून आलेला, तरी न दमलेला.
झाड म्हणावं असं एक नाही.
अंजनीची चार खुरटी झुडपं,
निळी फुलंसुद्धा जमिनीला टेकून.
बंद खाणीची तांबडी माती दातांत.
डाव्या कानात शंभर पत्रे एकदम वाकत होते,
उजव्या बाजूला
कुणीतरी गालावर नुसता हात ठेवलाय,
बोलत काहीच नाही.

पायडल मारतोय, मारतोय,
आणि शेजारचा धोंडा तोच.
उतरलो. ढकलायला लागलो.
सायकल हट्टी रेडकासारखी मागं मागं.

उजवीकडून ठकुबाई झोरे हाका मारत होती म्हणे,
कधीपासून.
शेवटी पळत येऊन चाकापुढंच उभी राहिली,
हातात शेणाची पाटी.
आरं, पिशवी पडली तुझी तिकडं!
मी कानाकडं बोट दाखवलं.
तिनं कान नीट बघून घेतला,
बैल विकत घेताना बघावा तसा.
मग वारं तुला निम्मंच लागत आसंल, म्हणाली.
मी म्हणालो, मावशी, पायाला पुरं लागतंय.
तेव्हा ती हसली, आणि ताक दिलं.

तिच्या पत्र्यावर धोंडे,
धोंड्यांवर जुने टायर,
टायरांवर आणखी धोंडे.
रात्री त्याखाली पडलो. वारा घर हुसकत होता.
डाव्या कुशीवर वळलो,
कान उशीत गेला
आणि वारा बंद.
दिवा मालवावा तसा.
परत वळलो, आहे.
पुन्हा डाव्या कुशीला, नाही.
किती वेळ हेच करत होतो,
चौपन्न वर्षांचा माणूस.

सकाळी ती म्हणाली, परत जाशील तवा
बारा वाजल्याबिगर निघू नको.
का ते सांगितलं नाही.

चौथ्या दिवशी गगनबावड्याच्या स्टँडवर
दोन चहा घेऊन बारा वाजवले.
निघालो.
असळजपर्यंत पाय नुसते फिरत होते,
झाडं वाकलेली, गवत लोळलेलं,
बायका पदर दातात धरून चाललेल्या,
म्हणजे वारा होता.
मला मात्र कुठंच नव्हता.
डावा कान चाचपला.
घाबरलो, खरं सांगतो.
हाही गेला का?
चेनची घरघर तेवढी टाचेतून वर यायची.

सांगशीच्या पुढं कुणीतरी पाचट पेटवलं होतं.
एक काळी काडी उडत आली,
हँडलच्या पुढं वीतभर
आणि तिथंच राहिली.
पडेना.
पुढं जाईना.
मी हात लांब केला असता तर मिळाली असती.
नाही केला.
दोन्ही कान सारखे होते
आणि आम्ही दोघं जागच्या जागी,
खालून रस्ता कुणीतरी ओढून घेत होतं.

कळ्याच्या तिकटीला
उसाच्या दोन ट्रॉल्या आडव्या आल्या.
मी ब्रेक दाबला.
काडी थांबली नाही.