काटा शून्यावर येत नाही

उजव्या बरगडीखाली, चार बोटं आत
काहीतरी बसलंय.
दुखतं म्हणावं तर दुखत नाही.
खिशात विसरलेल्या ओल्या रुमालासारखं,
आहे, एवढंच.

काल तिसऱ्यांदा रिपोर्ट आले.
कोपरखैरण्याच्या लॅबमधली मुलगी म्हणाली, काका, सगळं नॉर्मल,
आणि पाकीट अशी पुढे केली
जशी लग्नाची पत्रिका.
एसजीपीटी एकतीस. बिलिरुबिन पॉइंट आठ.
सोनोग्राफीत यकृताचा आकार, कडा, पोत
सगळं जागच्या जागी.
डॉक्टर टेमघरे चष्मा पुसत म्हणाले,
गॅस असेल. नाहीतर स्नायू. नाहीतर टेन्शन.
सहा महिन्यांनी या.
दोन ‘नाहीतर’ घेऊन मी जिना उतरलो.

मी रबाळे एमआयडीसीत प्रेशर गेज तपासतो,
सत्तावीस वर्षं.
आकड्यांवर माझं पोट आहे.
काटा बरोबर असला की हिरवं स्टिकर, सही,
पुढची तारीख.
पण हेही बघितलंय,
की गेज अगदी बरोबर
आणि तिकडे पाइप रात्रभर थरथरतोय,
ऑपरेटर सांगतोय, साहेब, काहीतरी आहे,
आणि मी म्हणालोय,
रीडिंग तर ठीक आहे.
त्याचं नाव आठवत नाही आता.
कानात कापूस घालायचा.
माफी मागायची तर कुठे शोधू?

हिराजी मढवीचं नाव मात्र आठवतं.
त्याचे डोळे पिवळे झाले तेव्हा आम्ही चिडवलं,
काय रे, हळद कुणाची लागली?
गणपतीच्या आत गेला.
तेव्हापासून मी स्कूटरच्या आरशात
बुबुळांभोवतीचा पांढरा बघतो,
ठाणे-बेलापूर रोडच्या प्रत्येक सिग्नलला.
महापेला पांढरा. घणसोलीला पांढरा.
ज्या पुलाखाली अजून जुने दिवे आहेत
तिथे पिवळा.
मागचा रिक्षावाला हॉर्न मारतो,
वळून बघतो तर
त्याचेही पिवळे.

रविवारी युनूसभाईने विचारलं, कलेजी टाकू?
म्हटलं, दाखव.
त्याने तळहातावर धरली,
गार, गुळगुळीत, काळपट तांबडी,
कुठे ओरखडा नाही.
हिला काही होत असेल असं वाटेना.
आमच्यात हिलाच काळीज म्हणतात,
आणि छातीत धडधडतं त्यालाही काळीज.
काळजी त्यातून निघाली की आणखी कशातून,
मला विचारू नका, मी आयटीआय झालेला माणूस.
पण निघून ती कुठे जाऊन बसली
ते बोट ठेवून दाखवतो.

सुगंधा भुईआवळ्याची पावडर देते,
फोडणी बिनतेलाची घालते,
आणि परवा म्हणाली, एक काय ते ठरवा.
आजारी असाल तर पडून राहा,
नसाल तर दळण आणा.
दळण आणायला गेलो.
गिरणी हादरत होती, पायाखालची फरशी हादरत होती,
भुवयांवर पीठ बसत होतं,
आणि ती पंधरा मिनिटं
आत कुणी नव्हतं.
डबा ओट्यावर ठेवताना आठवलं
आणि ते आलं.
की ते आलं आणि मग आठवलं?

काही गेजना एक खोड असते.
सगळ्या नळ्या सोडवून नुसतं टेबलावर ठेवलं
तरी काटा शून्यावर येत नाही,
रेघभर वर टेकून राहतो.
हिराजीनेच शिकवलं होतं,
फेकू नको रे त्याला.
तेवढं वहीत लिही,
नि दर वेळी तेवढं वजा करून वाच.

पावणेदोन वाजलेत.
वॉचमनने टाकीची मोटर बंद केली.
उजव्या कुशीवर वळतो. आहे.
डाव्या. आहे.
वजा करून बघतो.

रेघ नेमकी कितीची धरायची
हे त्याला विचारायचं राहिलं.