ढवळी ते दुर्भाट, पायी

तेहतीस वर्षं हा रस्ता मी बोटांनीच ओळखला.
ढवळी, कवळे, तळावली, आडपई, दुर्भाट:
गाव म्हणजे फाडलेला कागद,
घंटीचे दोन टोले, आणि पुढे.

आज गुडघ्याला पट्टा बांधून सातला निघालो.
बगलरस्त्याच्या कडेला नव्या इमारतीची पाटी:
‘गॅलरीतून नदीचं दर्शन.’
नदी अजून दोन तासांवर होती.
गेटवरच्या राखणदारानं विचारलं, कुणाकडे?
म्हटलं, कुणाकडेच नाही.
त्यानं वहीत तेच लिहिलं, वेळेसकट.

बसमध्ये चढ कळतो तो ड्रायव्हरला,
गिअर बदलताना.
मला आज तो पोटऱ्यांनी सांगितला.
कवळ्याच्या पुढे पदेर भेटला, भोंपू वाजवत.
बस चुकली काय, म्हणाला.
दोन उंडे घेतले, खिशातली सगळी नाणी त्याला दिली,
आणि एक उंडा चालता चालताच खाल्ला
(गाडीत खायला मी कुणाला देत नसे).

तळावली मागे पडली की ते वळण.
इथे थांबा नाही. कधीच नव्हता.
सोमती गावडे रोज इथेच ओरडायची, ‘रे, राबय!’
मांडीवर मासळीची पाटी, सगळी बस नाक दाबून.
आणि मी रोज म्हणायचो:
थांबा पुढे आहे, पन्नास पावलांवर.
पन्नास पावलांनी मरशील काय?
तरी घंटी द्यायचो. शिवी गिळून.

आज ती पन्नास पावलं चालून पाहिली.
थांब्याकडून खाली उतरते ती दरड,
तांबडी, सुटी, पाय ठरत नाही अशी.
आणि वळणावरून पायऱ्या.
कुणीतरी जांभ्यात खणलेल्या एकोणीस पायऱ्या,
डोक्यावर ओझं असलं तरी
खाली न बघता उतरता येईल इतक्या रुंद.
मोजल्या.
वर जाऊन पुन्हा मोजल्या.

खाली कुळागर, पोफळींचा गारवा,
वाटेला आडवा वाहणारा पाट.
मग एकदम आभाळ, खाजन, बांध,
ओहोटीला उघडलेली मानस
आणि तिच्या तोंडाशी एक बगळा,
ड्यूटीवर असल्यासारखा.
बांधावरून वीस मिनिटं.
वीस मिनिटं ती रोज चालायची,
आणि मी पावलं मोजायला सांगत होतो.

सोप्यावर बसून ती सोलांना मीठ लावत होती.
‘करंटाचं बिल?’
खाकी नसलेला मी तिला ठाऊक नव्हतो.
म्हटलं, वळण.
बराच वेळ बघितलं तिनं. मग म्हणाली,
‘दोन रुपये.
सुटे नाहीत म्हणून तिकिटामागे लिहून दिलेलेस.
डब्यात असेल कुठेतरी. काढू?’
खिसे चाचपले. दहाची नोट निघाली.
तिच्याकडे सुटे नव्हते.
ती हसली असं मी म्हणणार नाही.
तांब्याभर पाणी दिलं, आणि म्हणाली,
धक्क्यावर जायचं तर बांध सोडू नकोस,
रस्ता फिरून जातो.

दुर्भाटला फेरी लागलेलीच होती.
गाड्यांचे पैसे घेणारा पोरगा जवळ आला,
माझे चिखलाचे पाय बघून पुढे गेला.
चालणाऱ्याला इथे तिकीट नाही.
नोट मुठीतच राहिली, घामानं मऊ झालेली.
समोर रासई जवळ येत होती.
त्या काठावरचा एकही थांबा
मला तोंडपाठ नव्हता.