धुतलेल्या काचा

विसपुत्यांचा स्टुडिओ बंद झाला
तेव्हा त्यांच्या जावयाने काचा वजनावर काढल्या.
मेन रोडवरून वडिलांनी चार हातगाड्या आणल्या.
भद्रकालीच्या वळणावर एक खोकं निसटलं.
वडील म्हणाले, जाऊ दे, बारीकच होत्या.

मी अकरा वर्षांचा. दर काचेला दोन पैसे.
घमेल्यात कढत पाणी, धुण्याचा सोडा,
काच बुडवायची, शंभरपर्यंत मोजायचं,
की दुधावरची साय सुटावी तसा माणूस सुटायचा.
आधी कडेने सुरकुतायचा,
मग अख्खा वर तरंगायचा,
पागोट्यासकट, खुर्चीसकट,
मागच्या पडद्यावर रंगवलेल्या महालासकट.

काचेत सगळं उलटं.
तोंडं काळी, केस पांढरे, दातसुद्धा काळे.
भुतं धुताना कोणाला वाईट वाटतं?
बोटं तेवढी सोलायची.
रात्री आई खोबरेल लावायची.

एका काचेत तालमीतला कोणी
मांडीवर थाप मारताना हललेला,
म्हणून त्याला तीन हात.
एकीत नवरी, सात-आठ वर्षांची,
खुर्चीवर, पाय जमिनीला न पोचलेले.
एकीत पूर. दुतोंड्या मारुतीच्या छातीला पाणी
आणि त्याच्या खांद्यावर चढून बसलेलं कुत्रं.

कुत्रं मी वडिलांना दाखवलं.
त्यांनी काच उजेडाला धरली,
इकडून पाहिली, तिकडून पाहिली,
"चरा नाही. चांगली आहे. टाक."

खोक्यांवर मोडीत नावं, तारखा असाव्यात.
आमच्यात मोडी कोणाला येत नव्हती.
त्या खोक्यांवरच पाणी तापायचं.

काचा मग सप्तशृंगीवर बसल्या,
राम-लक्ष्मण-सीतेवर बसल्या,
पंचवटीतून यात्रेकरूंच्या पिशव्यांत
सुरतेला गेल्या, अकोल्याला गेल्या.
घमेल्यातलं पाणी मोरीत,
मोरीचं नाल्यात, नाल्याचं गोदेत.
वडील धंद्यात सचोटीचे.
त्यांच्या फ्रेमला कधी चिरकी काच लागली नाही,
हे आजही लोक सांगतात.

परवा भानोशांची ऋजुता आली दुकानात,
वही घेऊन, चप्पल बाहेर काढून.
काका, विसपुत्यांचं काही उरलंय का हो कुठे?
पणजीचा एकच फोटो काढला होता म्हणे,
लग्नात, सिन्नरहून बैलगाडीने येऊन.
घरातला जळाला.
काच असेल, तर पुन्हा काढता येतो ना?

काढता येतो, म्हणालो.
पाय पोचत होते का, विचारणार होतो.
चहा घेणार का, विचारलं.

चहा येईपर्यंत ती भिंतीवरचे देव बघत राहिली,
एकेका फ्रेमसमोर थांबून.
चहा आला. वर साय धरली होती.
तिने ती बोटाने अलगद उचलली
आणि बशीच्या कडेला पुसली.