डिंक

त्या वर्षी पोस्टात नवं तिकीट आलं.
त्यावर नकाशा: आमचा देश हिरवा,
आणि खाली आग्नेयेला, जिथं आमच्यातलं कुणी कधी गेलं नव्हतं,
एक मोठा तुकडा, तोही हिरवाच.
अक्षरं होती: आमचा चाको.

मी ओरूरोच्या पोस्टात कारकून, खिडकी क्रमांक दोन.
दिवसाला तीनशे वेळा तो प्रदेश जिभेनं ओला करायचो,
अंगठ्यानं दाबून बसवायचो.
डिंक गोडसर लागायचा.

पलीकडच्या देशानंही तिकीट काढलं म्हणे.
तोच तुकडा, त्यांच्या रंगात.
साहेब म्हणाले, मग आपलं मोठ्या आकाराचं हवं.
निघालं. मोठ्या आकाराचं.

मातीखाली तेल आहे, असं बोललं जायचं.
कुणी पाहिलं नव्हतं,
म्हणून तर ते इतकं होतं.
समुद्र आम्ही आजोबांच्या काळातच गमावलेला,
आणि हरलेल्याला जिंकायचं असतं
आपल्याहून दुबळ्याकडून.
तो दुबळाही हरलेलाच, त्याच्या आजीच्या काळात.
असे दोन देश एकमेकांना पाण्यात पाहत होते
जिथं पाणी नव्हतं
तिथं.

पेत्रोना तिकोना दर शनिवारी यायची.
ती आयमारात सांगायची, मी स्पॅनिशमध्ये लिहायचो:
कासिमिरो, लामा गाभण आहे.
कासिमिरो, तुझी लोकरीची टोपी इथंच राहिली.
मला हसू यायचं. टोपी कशाला तिथं?
चार हजार मीटरवरून उतरवलेली पोरं
पिठासारख्या धुळीत, काट्यांत,
जिथलं झाड कुऱ्हाड मोडतं.

एका सकाळी वर्तमानपत्रात जाड अक्षरं:
शत्रूला पाणी पाजलं!
त्याच आठवड्यात एक ट्रक-ड्रायव्हर परतला,
मनीऑर्डर घ्यायला खिडकीशी उभा राहिला
आणि कुणी न विचारता सांगू लागला.
विहीर गेली, साहेब. एक विहीर. बाकी सगळं होतं,
तोफा, बिस्किटं, पादरी.
रेडिएटरचं पाणी प्यायलो, आधी हुद्द्याप्रमाणे,
मग ज्याचा हात पोचेल त्यानं.
मेलेल्यांच्या जिभा तोंडात मावत नव्हत्या.

त्यानं सही केली, पैसे मोजले, गेला.
पुढचं पाकीट घेतलं, तिकीट उचललं,
आणि माझी जीभ बाहेर येईना.
तेव्हापासून काउंटरवर वाटी ठेवली, तिच्यात स्पंज.

दीड वर्षानं पेत्रोनाला पत्र आलं, उलट्या दिशेनं.
मोठमोठी, शाळकरी अक्षरं:
"मी क्रेसेन्सियो ओवेलार. कैद्यांवर पहारा माझा.
मला गुआरानी येते, स्पॅनिश थोडं, तुमच्या मुलाची भाषा नाही.
तो खुणा करतो, मी लिहितो. चुकलं तर माफ करा.
तो जिवंत आहे.
चार पायांच्या कुठल्या तरी जनावराबद्दल विचारतो,
बहुतेक पिल्लाबद्दल."

पेत्रोनानं ऐकलं. पुन्हा वाचायला लावलं.
मग पाकिटावरच्या तिकिटावर बोट ठेवलं:
हे तेच ना, तुम्ही चिकटवता ते?
मी ड्रॉवरमधून आमचं काढून शेजारी ठेवलं.
बराच वेळ पाहत राहिली.
यात पाणी कुठं दाखवलंय?

मी चष्मा पुसला. पुन्हा पाहिलं.

कासिमिरो छत्तीस साली परतला.
रेघ आखून झाली होती, नवे नकाशे यायचे होते,
तेल अजून शोधत होते.
ओवेलारला पत्र टाकायला आला.
टोपी कानांपर्यंत ओढलेली.
मी तिकीट पुढं केलं, वाटी सरकवली.
त्यानं स्पंज काढून बाजूला ठेवला,
वाटी दोन्ही हातांनी उचलली,
आणि ते गढूळ, डिंकाचं, शाईचं पाणी
पिऊन टाकलं.

रांग थांबली होती.
मी नवं पाणी आणायला आत गेलो.