पंच्याऐंशी टक्के

बालेवाडीची नवी इमारत. खाली चौदा दुकानं,
त्यांवर दोन मजले ऑफिसं, मग ऐंशी खुर्च्यांचं हॉटेल,
आणि त्याच्याही वर शहाण्णव फ्लॅट.
तोडकर आर्किटेक्टचा मेसेज: उद्या अकराच्या आत आकडा द्या.
पाणी किती, मैला किती.
फाइल महापालिकेत जायचीय.

मी सोमवार पेठेत, हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावर, खाट बावीस.
लॅपटॉप मांडीवर. अण्णा झोपलेत,
किंवा झोपल्यासारखे पडलेत.

फ्लॅटमागे पाच माणसं धरायची.
कुणी ठरवलं हे विचारायचं नसतं.
शहाण्णव पंचे चारशे ऐंशी, माणशी एकशे पस्तीस लिटर,
चौसष्ट हजार आठशे.
ऑफिसातल्याला पंचेचाळीस, दुकानातल्याला तेवढंच.
हॉटेलच्या खुर्चीला सत्तर,
खुर्ची रिकामी असली तरी.
चार घरची भांडी घासून खाली उतरणारी बाई
कुठल्याच रकान्यात बसत नाही.
ती घरी जाऊन अंघोळ करते असं आमचं शास्त्र मानतं.
एकूण ब्याऐंशी हजार एकशे नव्वद. रोज.

अण्णांना रोज आठशे मिली.
चहा, आमटी, गोळीबरोबरचा घोट, सगळं त्यातच.
खाटेच्या पायथ्याशी तक्ता लटकतोय,
डावीकडे आत, उजवीकडे बाहेर.
पारधे सिस्टर पिशवी उजेडाकडे धरते,
गुडघ्यात वाकून डोळा रेघेच्या पातळीला आणते
आणि लिहिते: दोनशे दहा.

चौतीस वर्षं हा माणूस चावीवाला होता.
सायकलच्या दांडीला बांधलेली लोखंडी चावी,
साडेचारला नाना पेठ, पावणेसहाला भवानी.
अठरा आटे उघडायचे, अठरा बंद करायचे,
एक जरी कमी पडला तरी वरच्या गल्लीतून शिव्या.
इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षी, मस्तीत, मी विचारलं होतं,
अण्णा, तुम्हाला मागणी कशी कळते हो?
म्हणाले, रात्री तीनला लायनीला चावी टेकव
आणि चावीला कान लाव.
कुणाचा नळ गळतोय, कुणाकडे पाहुणे उतरलेत,
सगळं ऐकू येतं.
मी हसले होते.
तेव्हा नुकताच पीक फॅक्टर शिकले होते.

आता मैला.
पाण्याच्या पंच्याऐंशी टक्के धरायचा, म्हणजे सत्तर हजाराला थोडा कमी.
उरलेले पंधरा टक्के
कुंड्यांत, पुसलेल्या फरशीत, दोरीवरच्या चादरीत.
ते परत येत नाहीत, म्हणून त्यांचा पाइप काढत नाहीत.

आठशे आत, दोनशे दहा बाहेर.
सिस्टर, बाकीचं?
तिनं चादर सारली, अण्णांच्या नडगीवर अंगठा दाबला.
खळगा पडला आणि तसाच राहिला,
ओल्या मातीत पडतो तसा.
थोडं इथं, म्हणाली. थोडं श्वासातून जातं,
त्याला आपल्याकडे रकाना नाही.

अडीचच्या सुमारास डोळे उघडले त्यांनी.
पाणी.
आजचं संपलंय अण्णा.
जीभ ओली कर नुसती.
चमचाभर दिलं. पाच मिली.
ते लॅपटॉपकडे बघत राहिले.
किती काढलंस?
ब्याऐंशी हजार.
बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग चावीवाल्याच्या आवाजात,
जो मी गेले कित्येक महिने ऐकला नव्हता:
सुटणार किती वाजता?

फाइलमध्ये त्याची जागा मला सापडली नाही.
पुरवठ्याचा स्रोत, एवढंच विचारलंय,
समोर मी सकाळीच लिहून ठेवलंय:
महापालिका, आणि तोपर्यंत टँकर.
ते वाट बघत होते.
ठरलं नाही अजून, मी म्हणाले.
त्यांनी मान हलवली, नव्या मुकादमाकडे बघून हलवावी तशी,
आणि भिंतीकडे कूस वळवली.
भिंतीतून पाइप जातो.
चौथ्या मजल्यावर कुणीतरी फ्लश केलं,
पाणी आमच्या उशाशी येऊन खाली गेलं.

तक्त्यावर डावीकडे मी पाच लिहिलं.