बारा वाजून पाच

क्लाक्सविकच्या बंदरात मासळीचं शीतगृह. पहाटेचे तीन.
रान्वा काळ्या पडद्यावर एक ओळ टंकते
आणि यंत्र पोटातलं सगळं ओकतं:

दोन चौदा. वीज गेली.
दोन चौदा. वीज आली.
पंखा क्रमांक चार, उत्तर नाही.

ती मागे जाते, आणखी मागे,
यंत्रं गाळून फक्त माणसं ठेवते.
येग्वन, रात्रपाळी: बारा पाचला आत,
बारा सहाला बाहेर. अकरा वर्षं.
मधल्या मिनिटात एकही आज्ञा नाही.
पडदा त्याला नावाने हाक मारायचा,
तेवढंच.

तो निवृत्त झाला, त्याला आठवडा झाला.
खातं तिनेच बंद केलं, यादीत होतं म्हणून.

काल, बारा पाच: प्रवेश नाकारला.
बारा पाच: प्रवेश नाकारला.
बारा सहा:

पंखा बदलायला हवा.
ती उठत नाही.