अर्धा सूत

खोक्यावर लिहिलंय, दोन तासांचं काम.
आज दुसरा रविवार.

पाथर्डी फाट्याच्या अलीकडे आमचं रो-हाऊस,
पार्किंगच्या फरशीवर जीप, एका बाजूने जॅकवर,
पाय वर करून कुत्रं उभं असावं तशी.
आधीच्या मालकाने टायर रुंद घातले
आणि मडगार्ड तेच ठेवले, अरुंद.
चिखल उडायचा तो थेट मागच्या सीटवर,
मागे बसलेल्या माणसाच्या चष्म्यावर.
मागे माझे सासरे बसतात. नाना.
कधी बोलले नाहीत काही.
घरी येऊन चष्मा धुवायचे, साबण लावून.
म्हणून फेंडर मागवले,
काळे, जाड, चार इंच बाहेर येणारे,
आणि घरात किंमत दोन हजारांनी कमी सांगितली.

बोल्ट हलेना.
रात्रभर डिझेल पाजलं, तरी हलेना.
पान्याला पाइप, पाइपला लोंबकळलेली मी,
वर गॅलरीतून नवरा विचारतो, झालं का?
निफाडला म्हणे आज पारा सहावर.
इथे पान्याचं लोखंड हाताला चावतंय.

मग नाना उतरले. कानटोपी, स्वेटर,
लेंग्याच्या खिशात स्वतःची कानस.
सातपूरला कंपनीत एकतीस वर्षं प्रेस शॉप.
स्थळ आलं तेव्हाच हे सांगितलं होतं,
पण प्रेस म्हणजे मला इस्त्री वाटली होती.
"आधी आवळ," ते म्हणाले.
"अहो, काढायचाय."
"म्हणून तर. आधी थोडा आवळ, मग सोड."
कट्ट.
सुटला.

जुना पत्रा निघाला, आतून मातीचा थर,
कोण जाणे कुठल्या घाटातली.
नानांनी तो उलटा करून मांडीवर घेतला,
आतल्या कडेवरून अंगठा फिरवत गेले
शिंप्याने शिवण तपासावी तसा.
एके ठिकाणी अंगठा थांबला.
"इथं बघ. सुरकुती."
मला दिसेना. बोट ठेवलं तेव्हा लागली,
केसाएवढी लाट.
"रातपाळीला डाय तापायची. पहाटे चारनंतर हे यायचं.
पास करायचो आम्ही.
दिसत नाही ना, म्हणून."

मी विचारलं, हा तुम्हीच दाबला असेल?
"दोनशे माणसं होती."
पाना पुसला. जागेवर ठेवला.
"असेलही."

नवा फेंडर लावला तर भोकं जुळेनात.
पाच जुळली, सहावं अर्धा सूत पुढे.
मी आठवीला गणित शिकवते,
आमच्या पुस्तकात सूत नाही.
नानांनी माझ्या हातात कानस दिली:
पुढे जाताना दाब, मागे येताना उचल,
मागे घासलीस तर कानस मरते.
मी घासत राहिले. काळा भुसा ओढणीवर,
नाकात जळक्या प्लास्टिकचा वास,
वरून, मिसळ आणू का? आणि कोणी उत्तर देईना.
साडेबाराला बोल्ट आपसूक आत गेला,
जसं काही वाकडं कधी नव्हतंच.

शेवटी एक बोल्ट उरला.
गाडीभर शोधलं, त्याचं भोक सापडलं नाही.
नानांनी तो खिशात टाकला.

भंगारवाल्याला जुने दोन्ही पत्रे द्यायचे ठरले होते.
एकच गेला.
दुसरा गच्चीवर, पाण्याच्या टाकीमागे आहे.
कोणी ठेवला, हे घरात कोणी विचारत नाही.

परवा गिरणाऱ्याच्या पुढे गेलो,
द्राक्षबागांमधल्या ओल्या, कच्च्या रस्त्याने.
आधी खडी उडाली की पत्र्यावर ताशा वाजायचा,
आता नुसतं थप, थप,
गादीवर काही पडावं तसं.
"आवाज येत नाही," नाना मागून म्हणाले.
कौतुक होतं की तक्रार, आरशात कळेना.
चष्म्यावर एक शिंतोडा नव्हता.

घरी आल्यावर तो त्यांनी धुतलाच,
साबण लावून.